साधेपणाचा हिशेब

‘साधी राहणी’ हे दोन शब्द आमच्या मध्यमवर्गीय घरांतून जितक्या सहजतेनें उच्चारले जातात, तितक्या सहजतेनें दुसरे क्वचितच उच्चारले जात असतील. कोणी नवी मोटार घेतली, कोणाच्या मुंजीच्या पंगतींत पक्वान्नांची रांग लागली, कोणाच्या मुलास ऐन तिशींत रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या, कीं दिवाणखान्यांतील वडील मंडळी सुस्कारा सोडून म्हणतात, "साधें राहावें, साधें खावें. आमच्या वेळीं आम्ही सायकलवर जात होतों, परसांतली भाजी खात होतों आणि पिठलें-भाकरीवर तृप्त होतों." हें म्हणणें खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. सायकल, परसबाग आणि साधें जेवण या त्रयीचे आम्ही स्वतः पक्षपाती आहोंत, आणि प्रस्तुत लेखही त्या त्रयीच्या बाजूनेंच लिहिलेला आहे. परंतु या विषयावर जें लिहिलें-बोललें जातें त्यांत एक गोष्ट बहुधा वगळलेली असते, आणि ती वगळल्यामुळेंच आषाढांत केलेले साधेपणाचे संकल्प श्रावण संपण्याच्या आंत मोडतात, असें आमचें निरीक्षण आहे. ती गोष्ट म्हणजे श्रमांचा हिशेब. साधें राहण्यास पैसा कमी लागतो हें खरें. पण हात अधिक लागतात. ते हात कोणाचे?

जन्मभर मुलांना व्याकरण शिकविल्यामुळें असेल, पण ‘स्वयंपाक साधा असावा’ हें वाक्य कानीं पडलें कीं आम्ही त्यांतला कर्ता शोधूं लागतों. येथें कर्ता स्वयंपाक आहे. तो करणारीचा वाक्यांत कोठें पत्ताच नाहीं. गंमत अशी कीं, ‘स्वयंपाक’ हा शब्द ‘स्वयं’ आणि ‘पाक’ या दोन संस्कृत शब्दांचा. त्याचा सरळ अर्थ आपण स्वतः शिजविणें. जो जेवणार त्यानेंच शिजवावें हा अर्थ ज्या शब्दाच्या पोटांत आहे, तो शब्द आपण अशा व्यवस्थेला लावला कीं जेवणारे दहा आणि शिजविणारी एक, फार तर दोन!

एकत्र कुटुंबांत दहा माणसें धरूं. माणशीं एका वेळीं तीन पोळ्या, म्हणजे दोन वेळच्या साठ. कणीक मळणें बाजूस ठेवलें तरी नुसतें लाटण्यास व भाजण्यास सवयीच्या हाताला पोळीमागें दीड मिनिट लागतें असें मानलें, तर रोजचा दीड तास तव्यापुढें गेला. भाकरीस याहून अधिक. ती एकेकच थापावी लागते, थापतांना दुसरें कांहीं हातीं घेतां येत नाहीं, आणि ती उतरल्याबरोबर ताटांत पडली पाहिजे असा जेवणाऱ्यांचा आग्रह असतो, त्यामुळें करणारी शेवटीं जेवते. २०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. तेव्हांपासून ज्वारी, बाजरी आणि नाचणी यांना सुशिक्षित घरांतून पुन्हां मान मिळूं लागला, हें उत्तमच झालें. परंतु ‘आतां रोज भाकरी’ हा ठराव जेव्हां जेवणाऱ्यांच्या बहुमतानें मंजूर होतो, तेव्हां त्या सभेंत थापणारीचें मत कोणी मोजलें होतें कीं नाहीं, हें विचारणें अप्रस्तुत ठरूं नये.

आमच्या परिचयाचें एक अकरा माणसांचें कुटुंब पुण्यास कोथरूड भागांत राहतें. तेथील वडील गृहस्थांनीं दोन-तीन वर्षांमागें एका रात्रीं जेवतांना जाहीर केलें, "उद्यांपासून आपल्याकडे साधा स्वयंपाक." थोरल्या सूनबाई वाढतां वाढतां थांबल्या आणि अगदीं शांतपणें म्हणाल्या, "बाबा, जेवायला साधा कीं करायला साधा, तेवढें सांगा. म्हणजे मी त्याप्रमाणें भिजत घालीन."

या प्रश्नाचें आम्हांस फार कौतुक वाटतें, कारण सर्व प्रकरणाचें मर्म त्यांत आलें आहे. जेवायला साधा आणि करायला साधा हे दोन वेगळे स्वयंपाक आहेत. अळूचें फतफतें जेवणाऱ्यास अगदीं साधें. परंतु देठ सोला, पानें चिरा, डाळ-दाणे भिजवा, चिंच कोळा, घोटा, फोडणी द्या, अशी त्याची लांबण आहे. थालीपीठ तव्यावर दहा मिनिटांत होतें. मात्र त्यामागें भाजणीचा एक संबंध दिवस उभा असतो. धान्यें धुवा, वाळवा, एकेक निराळें भाजा आणि दळून आणा. याच्या उलट मऊ भात, मेतकूट आणि तूप. मुगाच्या डाळीची खिचडी आणि ताक. पिठलें आणि भात. काकडीची कोशिंबीर आणि दही-पोहे. हे पदार्थ दोन्ही बाजूंनीं साधे. घरांत हा भेद एकदां स्पष्ट झाला कीं निम्मे वाद मिटतात. ज्या दिवशीं घरांतल्या बाईस परीक्षा, प्रवास, कचेरीचें काम किंवा नुसता थकवा असेल, त्या दिवशीं दुसऱ्या यादींतला पदार्थ करावा, आणि शक्य तर तो दुसऱ्या कोणी करावा. मऊ भात करतां न येणारा विशीचा मुलगा आमच्या मतें अर्धशिक्षित आहे, मग त्याच्यापाशीं पदवी कोणतीही असो.

करणें सोपें व्हावें म्हणून साधनें पूर्वीही निघालीं. कलकत्त्याचे इंदुमाधव मल्लिक यांनीं १९१० सालीं काढलेला ‘इकमिक कुकर’ हा त्यांतला नामांकित. तळाशीं निखारे, वर डब्यांची उतरंड, आणि वाफेवर भात, डाळ व भाजी एकदम तयार. त्याचा मोठा गुण वेळ वांचविणें हा नव्हताच, कारण त्याला वेळ बराच लागे. त्याचा गुण हा कीं त्याच्यापाशीं कोणी बसून राहावें लागत नसे. आजच्या शिटीच्या कुकरांत दाब वाढल्यामुळें उष्णता सुमारें १२० अंशांपर्यंत चढते, म्हणून डाळ लवकर शिजते. पुणें समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच असल्यामुळें तेथें उघड्या भांड्यांतलें पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतें. मुंबईहून आलेल्या गृहिणीस पुण्याची डाळ जरा हट्टी वाटली तर तिची समजूत अगदींच चुकीची नाहीं. त्यांत विहिरीचें किंवा कूपनलिकेचें जड पाणी असेल तर हट्ट आणखी वाढतो. कुकरची शिटी होऊं लागल्यावरही आंच मोठीच ठेवण्याची चाल अनेक घरांत आहे. तिचा उपयोग नाहीं. दाब एकदां पूर्ण झाला म्हणजे मोठ्या आंचेनें डाळ अधिक तापत नाहीं, फक्त गॅस जळतो आणि पाणी वाफ होऊन जातें. महर्षि कर्वे यांचे नातू डॉ. आनंद कर्वे यांनीं पुण्यास स्थापिलेल्या ‘ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट’नें थोड्याशा कांडीकोळशावर सबंध जेवण शिजविणारा ‘सराई’ कुकर पुढें आणला, तो इकमिकच्याच कुळांतला. आणि यांतलें कांहींच घरीं नसलें तरी उकळी आलेलें भाताचें पातेलें झांकण घट्ट लावून जाड गोधडींत गुंडाळून ठेवण्याची जुनी युक्ति अजूनही तितकीच चालते.

आतां वरील कुटुंबाकडे वळूं. सूनबाईंच्या प्रश्नावर वडील गृहस्थ रागावले नाहींत. ते हिशेबनीस म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले; त्यांनीं दुसऱ्या दिवशीं एक वही घातली आणि आठ दिवस घरांतल्या स्वयंपाकाचा वेळ मांडून काढला. चुलीपुढचा वेळ त्यांनीं गृहीत धरला होता त्याहून कमी निघाला. भरमसाट निघाला तो चुलीबाहेरचा: भाजी आणणें, ती निवडणें, दळण देणें व आणणें, विसरलेली कोथिंबीर, संपलेलें लिंबू, ओटा आवरणें आणि भांडीं. वही मिटून त्यांनीं जो निष्कर्ष काढला तो आम्हांस फार मोलाचा वाटतो. ते म्हणाले, "स्वयंपाक साधा करायचा असेल तर आधीं सायकल दुरुस्त करूं."

वरवर विनोदी वाटणाऱ्या या वाक्यांत इतिहासाचा आधार आहे. आमच्या बायकांच्या पाठीवरचें सर्वांत मोठें ओझें कोणी उतरविलें असेल तर तें पिठाच्या गिरणीनें. पहाटे जात्यावर बसण्याचें कष्ट त्या यंत्रानें एका पिढींत संपविले. परंतु गिरणी घरांत नव्हती, कोपऱ्यावर किंवा पुढच्या आळींत होती; आणि दळणाचा डबा तेथवर नेला कोणीं? सायकलच्या कॅरियरला तो सुतळीनें आवळून घरांतल्या मुलानें. रॉकेलची रांग, रेशनची पिशवी, मंडईची भाजी, दुधाची किटली हीं सर्व कामें पुण्यांत सायकलनें वाहिलीं. सायकल हें वाहन आहे हें सर्वांस ठाऊक. ती स्वयंपाकघरांतील एक उपकरणही आहे, हें मात्र विसरलें गेलें. स्कूटर आणि मोटार आल्यावर बाहेर जाणें सोपें झालें खरें, पण बारीकसारीक आणण्यासाठीं मोटार कोण काढणार? तेवढ्यासाठीं घरांतली बाईच पदर खोचून चालूं लागली, किंवा आतां भ्रमणध्वनीवरून जिन्नस मागविले जातात आणि दुसऱ्याच कोणाचा तरुण मुलगा भर उन्हांत ते आणून पोंचवितो. श्रम नाहींसे झाले नाहींत. त्यांचा धनी तेवढा बदलला.

सायकलचा आणि महाराष्ट्राच्या उद्योगाचा संबंध फार जुना आहे. ज्या १८८८ सालीं डनलॉप यांनीं हवा भरलेल्या रबरी धांवेचें पेटंट घेतलें, त्याच सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या बेळगांवच्या सायकलच्या दुकानाची मुहूर्तमेढ झाली, आणि किर्लोस्कर उद्योगसमूह आपला आरंभ तेथूनच मोजतो. लोखंडी नांगर पुढें आले, किर्लोस्करवाडी १९१० सालीं वसली, पण आरंभ दोन चाकांचा. पुण्यानें तर ‘सायकलींचें शहर’ हें बिरुद कित्येक दशकें मिरविलें. पालिकेचा बिल्ला, रात्रीं दिवा नसल्यास पोलिसाची शिटी, डबलसीट बसल्याचा दंड, तासाच्या भाड्यानें सायकल देणारीं दुकानें, दर दिवाळीच्या सुट्टींत एकदां ‘ओव्हरऑइलिंग’, आणि दांड्याच्या मधून पाय घालून सायकल शिकणारीं पोरें, हें सगळें त्या काळच्या पुणेकरास आठवत असेल. १९७२ सालीं बजाजची ‘चेतक’ आली आणि हळूहळू सायकल जिन्याखालीं गेली. कर्वेनगरांतील विक्रम पेंडसे यांच्या सायकल-संग्रहालयांत जुन्या सायकली प्रेमानें जपल्या आहेत. मुलांना तें अवश्य दाखवावें. मात्र आपल्याच जिन्याखालीं एखादें संग्रहालय धूळ खात नाहीं ना, हेंही जातां जातां पाहून घ्यावें.

जिन्याखालची सायकल बाहेर काढण्यास फारसें कांहीं लागत नाहीं. नव्या ट्यूबा, ब्रेकचीं रबरें, चाकांचा आउट काढणें, साखळी रॉकेलनें धुऊन तिला शिवणयंत्राच्या तेलाचे चार थेंब, एवढ्यावर बहुधा भागतें. दोन गोष्टींकडे मात्र लोक हमखास दुर्लक्ष करतात. पहिली, हवा. चाक बोटानें दाबलें असतां दबतें अशी सायकल चालविणें म्हणजे सदैव चढावर चालविणें. पुष्कळांस सायकल जड वाटते ती याच कारणानें. दुसरी, बैठकीची उंची. बैठकीवर बसून टांच पायडलवर ठेवली असतां, पायडल अगदीं खालीं असतांना पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. आपले लोक दोन्ही पाय जमिनीला सहज टेकावेत म्हणून बैठक खालीं घेतात, मग गुडघे दुखतात, आणि दोष वयाला दिला जातो. सपाट रस्त्यावर बेतानें सायकल चालविण्यास जे श्रम पडतात तेवढ्याच श्रमांत पायीं चालणारा तिसरा हिस्सा अंतर तोडतो. चार किलोमीटरांवरची मंडई वीस मिनिटांच्या आंत येते, आणि परत येतांना पांच-सात किलोंची पिशवी खांद्याला न जाणवतां घरीं पोंचते.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्या सायकलला दुकानदार ‘लेडीज’ म्हणतात, जिला मधला आडवा दांडा नसतो आणि मागच्या चाकास जाळी असते, तीच खरी कुटुंबाची सायकल आहे. साडी नेसणारी, धोतर नेसणारा, दुखऱ्या गुडघ्यांचा आजोबा आणि बारा वर्षांची नात, सर्वांस ती चालते. धोतराचा सोगा साखळींत अडकून भर लक्ष्मीरस्त्यावर आडवे झालेले विद्वान् आम्ही पाहिले आहेत. त्यांना दांड्याच्या सायकलींतच पुरुषार्थ वाटत असे. मुलीनें सायकलवर बसावें कीं नाहीं यावर एके काळीं आपल्या समाजांत गंभीर मुद्रेनें चर्चा होत. पुढें बिहार सरकारनें २००६ सालीं नववींतल्या मुलींना सायकली देण्याची योजना काढली तेव्हां शाळा सोडणाऱ्या मुली शाळेंत येऊं लागल्या, आणि चर्चेचें उत्तर चर्चेवांचूनच मिळालें. पण आमच्या सुशिक्षित घरांतली स्थिति आज चमत्कारिक आहे. मुलीस परदेशीं शिकावयास पाठविण्यास आम्ही तयार; मात्र कोपऱ्यावरून भाजी आणण्यास सायकलवर पाठविण्यास तयार नाहीं. कारण विचारलें तर रहदारी.

आणि तें कारण खोटें नाहीं. १९०० सालीं अनाथ बालिकाश्रम हिंगण्यास गेल्यावर महर्षि कर्वे कॉलेजांतले तास संपवून रोज पुण्याहून तेथवर चिखल तुडवीत पायीं जात. त्याच दिशेस आज त्यांच्या नांवाचा जो रस्ता आहे, त्यावर चिखल नाहीं; पण गर्दीच्या वेळीं एकट्या सायकलस्वारास तो ओलांडणें महर्षींच्या चिखलापेक्षां कठीण आहे. सायकलींसाठीं म्हणून बांधलेल्या मार्गांवर ठिकठिकाणीं मोटारी उभ्या असतात. २०१७ सालीं पुण्याच्या पालिकेनें सायकलींचा सविस्तर आराखडा मंजूर केला. कागद चांगला आहे. पण रस्ता सायकलींना योग्य झाल्यावर आम्ही सायकल काढूं, आणि सायकली दिसूं लागल्यावर पालिका रस्ता करील, अशा अन्योन्याश्रयांत आणखी एक पिढी जावयाची. म्हणून तोंवर मार्ग निवडावा. वर सांगितलेल्या कुटुंबानें मोठा रस्ता टाळून आंतल्या गल्ल्यांतून मंडईचा आणि गिरणीचा रस्ता शोधून काढला, वेळ सकाळीं सातच्या आंतली ठरविली, पुढें पांढरा व मागें तांबडा दिवा लावला, डोक्यास शिरस्त्राण घेतलें, आणि नातीबरोबर पहिले पंधरा दिवस तिचे काका गेले. आतां ती एकटी जाते. तिला कोणता भाजीवाला पालक ओला करून विकतो तें ठाऊक झालें आहे, जें तिच्या काकांना चाळीस वर्षांत कळलें नव्हतें.

परसबागेचा विचारही याच हिशेबानें करावा. बागेचा छंद जडला म्हणजे मनुष्य प्रथम टोमॅटो लावतो, मग फुलकोबी लावतो, मग कीड पडली म्हणून निराश होतो. पहिला नियम असा कीं, ज्या जिनसेसाठीं ऐनवेळीं स्वतंत्र खेप पडते ती दारांत लावावी. बटाटे-कांद्यांसाठीं सायकल आहेच. या नियमानें पहिला मान कढीलिंबाचा, मग हिरवी मिरची, कोथिंबीर, गवती चहा, आलें, आणि जागा असल्यास लिंबू. धने चपलेखालीं हलकेच रगडून दोन दळें करून पेरावेत. आठ-दहा दिवसांनीं उगवतात. उन्हाळ्यांत कोथिंबीर लगेच फुलावर येते, तेव्हां तिचा हट्ट धरूं नये. मेथी तीन-चार आठवड्यांत उपटण्याजोगी होते. तोंडलीची एक छाट मृगाच्या पावसांत लावली कीं तो वेल वर्षानुवर्षें मागितल्याशिवाय देत राहतो. शेवगा भरभर वाढतो, पण त्याचें लांकूड ठिसूळ. तो कौलांपासून व विजेच्या तारांपासून दूर असावा. अंगणांत एकच फळझाड बसत असेल तर पेरू लावावा. पुण्याच्या गणेशखिंडींतील प्रयोगबागेंत १९२७ सालीं डॉ. चीमा यांनीं निवडलेली ‘लखनौ ४९’, म्हणजेच आजचा सरदार पेरू, ही जात आपल्याच मातींत पारखलेली आहे.

आतां बहुतेकांस अंगण राहिलें नाहीं, गच्ची राहिली. गच्चीवर बाग करणाऱ्यांनीं एक गणित अवश्य करावें. ओली माती फार जड असते; तिचा फूटभर जाडीचा थर दर चौरस मीटरला पांचशे किलोंच्या आसपास भरतो, आणि राहत्या इमारतींची गच्ची सामान्यतः दर चौरस मीटरला दीडशे किलोंच्या वापराचा भार धरून बांधतात. म्हणून वाफ्यांत नुसती माती भरणें हें अविचाराचें. वाळलेला पालापाचोळा, उसाचें चिपाड, नारळाच्या शेंड्या, स्वयंपाकघरांतला ओला कचरा आणि वर थोडीशी माती, असा थर केला तर तो हलका राहतो आणि हळूहळू त्याचेंच खत होतें. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर यांनीं ‘प्रयोग परिवार’ या नांवानें शेतकऱ्यांस आणि घरगुती बागवाल्यांस हीच दृष्टि दिली: पान म्हणजे सूर्याचें ऊन साठविणारें पात्र आणि घरांतला कचरा म्हणजे हाताशीं असलेलें भांडवल. त्यांचें ‘विपुलाच सृष्टी’ हें पुस्तक घरांत असावें. उन्हाचा अंदाजही आधींच घ्यावा. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरांत सूर्य भर दुपारींही क्षितिजापासून अठ्ठेचाळीस अंशांवरच असतो. त्यामुळें भिंतीच्या उत्तरेस जवळजवळ तिच्या उंचीएवढी सावली पडते. वांगीं, मिरच्या आणि वेल यांना दिवसांतून सहा तास ऊन हवें. पालेभाज्यांचें तीन-चार तासांत भागतें.

पाणी घालण्यासाठीं पाईप लावून उभें राहण्याचें कारण नाहीं. तांदूळ-डाळी धुतलेलें पाणी एका बादलींत सांठवलें तर कुंड्यांचें पुष्कळ काम भागतें. जुन्या वाड्यांत न्हाणीच्या मोरीचें पाणी सरळ अळूच्या आणि केळीच्या आळ्यांत सोडलेलें असे. त्या काळीं न्हाणींत शिकेकाई आणि डाळीचें पीठ वापरीत, म्हणून तें चाले. आजच्या कपड्यांच्या साबणचुऱ्याचें पाणी नित्य सोडलें तर माती बिघडते.

बागेचा आणखी एक हिशेब आहे, आणि तो वरील कुटुंबाच्या वहींत शेवटीं नोंदविलेला आम्ही वाचला. बाग लावण्याचा उत्साह पुरुषांना फार. परंतु जेव्हां चाकवत एकदम चार टोपल्या येतो तेव्हां तो निवडणार कोण? बागेनें स्वयंपाकघराचें काम कमी करण्याऐवजीं वाढविलें तर ती बाग फार दिवस टिकत नाहीं. एखाद्या दुपारीं सूनबाई मुकाट्यानें ती भाजी शेजारीं वाटून टाकतात, आणि पुढच्या वर्षीं बागेविषयीं कोणी बोलत नाहीं. म्हणून त्या घरांत असें ठरलें कीं, जो लावील तो तोडील, आणि जो तोडील तो निवडून, धुऊन, चिरून मगच ओट्यावर नेऊन ठेवील. या एका ठरावानें लागवडीच्या यादींतून निम्मीं नांवें आपोआप गळालीं. राहिलीं तीं मात्र मनापासून लावलेलीं आहेत.

यंदाच्या पावसाळ्यांत तेथें आळ्यांत अळू चांगला माजला आहे. काळ्या देठाचा वड्यांसाठीं, हिरव्या देठाचा भाजीसाठीं, असें दोन्ही प्रकारचे कंद आहेत. तो चिरण्याचें काम वडील गृहस्थांकडे आहे. अळूंतले सुईसारखे बारीक स्फटिक हातांस लागून खाज सुटते, म्हणून ते आधीं हातांस तेल चोळतात, आणि भाजींत चिंच भरपूर पडली आहे कीं नाहीं हें सूनबाईंस दोनदां विचारतात. "बाबा, तुम्ही नीट शिजूं द्या, मग गळा धरत नाहीं," असें त्या सांगतात. कारण आदित्यवारीं फतफतेंही तेच करतात.